कैलासावरचा डाव

वेरूळची सहल म्हणजे सोळा क्रमांकाचे कैलास लेणे, हे समीकरण आपल्या शाळांत पक्के बसले आहे. छत्रपती संभाजीनगरहून (तेव्हाच्या औरंगाबादहून) तीसेक किलोमीटरचा प्रवास, कैलासापुढे रांग, मग झाडाखाली डबे, आणि वेळ उरलाच तर एखाद्या बौद्ध लेण्यात डोकावणे. आम्हीही वर्षानुवर्षे हेच करत आलो. एका वर्षी मात्र कैलासापाशी फार गर्दी होती, म्हणून मुलांना आधी एकवीस क्रमांकाच्या रामेश्वर लेण्यात नेले. तिथे भिंतीवरच्या एका शिल्पापाशी आठवीतली एक मुलगी थबकली. "सर, हे दोघं काय खेळतायत?"

ते दोघे म्हणजे शिव आणि पार्वती. खेळ फाशांचा. खालच्या पट्टीत शिवाचे गण नंदीला सतावत आहेत. वर देवांचा डाव रंगलेला आणि खाली पोरासोरांचा धिंगाणा. मुले खळखळून हसली. लेण्यात हसू फुटले असे त्या सहलीत प्रथमच घडले.

हे शिल्प वेरूळला एकदाच भेटत नाही. 'रावण की खाई' या चौदाव्या लेण्यात आहे, एकोणतिसाव्या धुमार लेण्यातही आहे. एकवीस आणि एकोणतीस ही लेणी साधारण सहाव्या शतकाच्या उत्तरार्धातली मानली जातात, चौदावे त्यानंतरचे. चौदाव्या लेण्याच्या दक्षिण भिंतीवर गंमत अशी, की फाशांचा डाव, शिवाचे तांडव, कैलास हलवणारा रावण आणि अंधकासुराचा वध हे सारे एकाच ओळीत कोरलेले आहे. भय, पराक्रम आणि संहार यांच्या पंक्तीला एक घरगुती खेळ बसवला आहे. आमच्याबरोबरचा एक मुलगा म्हणाला, "म्हणजे हा मेन गेम नाही, साइडचा आहे."

त्याच्या बोलण्याने आम्हाला या लेखाचा विषय दिला. आजच्या मुलांना संगणकावरचे भूमिका-खेळ ठाऊक असतात. त्यात खेळणारा एका पात्राचे सोंग घेतो. कोणी योद्धा होतो, कोणी मांत्रिक. मग लांबलचक कथेतून तो वाटचाल करतो आणि प्रत्येक टप्प्यावर बळ, शहाणपण, शस्त्रे मिळवत जातो. या खेळांचा कागदावरचा पूर्वज 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' १९७४ साली अमेरिकेत निघाला, आणि तो चालतो फाशांवरच. जपानमध्ये १९८६ साली 'ड्रॅगन क्वेस्ट' आणि १९८७ साली 'फायनल फँटसी' हे संगणकी भूमिका-खेळ आले. असा गंभीर खेळ लोकप्रिय झाला की त्याला हलकेफुलके फुटवे फुटतात. 'फायनल फँटसी'च्या दुसऱ्या भागात, म्हणजे १९८८ साली, चोकोबो नावाचा एक मोठा पक्षी वाहन म्हणून आला. लोकांना तो इतका आवडला की १९९७ साली तोच नायक असलेला स्वतंत्र खेळ निघाला. त्यात जग वाचवण्याचा भार फारसा नाही. पक्ष्याने भूलभुलैयात शिरायचे, आणि तो भूलभुलैया दर वेळी यंत्र नव्याने रचणार. मोठ्या कथेतले वाहन छोट्या कथेत मालक झाले!

नंदीचेही वेरूळच्या त्या पट्टीत काहीसे असेच झाले आहे. वरच्या मोठ्या कथेत तो वाहन आहे, खालच्या चौकटीत सगळा गोंधळ त्याच्याचभोवती आहे.

आता त्या डावाची कथा. स्कंदपुराणाच्या केदारखंडात ती येते, आणि मराठी घरांत ती श्रीधरांच्या 'शिवलीलामृता'मुळे (१७१८) पोहोचली. नारद कैलासावर येतो आणि दोघांना खेळायला बसवतो. पार्वती जिंकत जाते. शिव एकेक वस्तू पणाला लावतो, चंद्रकोर, कुंडले, आणि शेवटी अंगावरचे वस्त्रही. सर्वस्व हरल्यावर तो रागाने, काहीसा लाजूनही, कैलास सोडून वनात निघून जातो. त्याला परत आणायचे कसे? पार्वती भिल्लिणीचे रूप घेते आणि वनात त्याच्यासमोर जाते. तो तिच्यावर भाळतो, मग ओळख पटते. म्हणजे डाव पटावर संपला तरी खेळ संपत नाही, तो सोंग घेऊन पुढे चालू राहतो. डॉन हँडलमन आणि डेव्हिड शुलमन या दोन अभ्यासकांनी १९९७ साली या एका डावावर आख्खे पुस्तक लिहिले, आणि वेरूळची शिल्पे त्यांच्या पुराव्यात आहेत. त्यांच्या तत्त्वचर्चेत आम्ही येथे शिरत नाही. आम्हाला कुतूहल आहे ते अधिक साध्या गोष्टींचे. हा खेळ खेळत कसे, त्याला कोणते फुटवे फुटले, आणि त्यांच्याबद्दल आपण वर्गात जे सांगतो त्यातले किती खरे?

फासे आणि कवड्या

फाशांचा इतिहास आपल्याकडे फार मागे जातो. मोहेंजोदडोला घनाकृती फासे मिळाले आहेत. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात जुगाऱ्याचे सूक्त आहे, त्यातले फासे म्हणजे बेहड्याची फळे. बेहडा मराठवाड्यातल्या शिक्षकाला नवा नाही. आपल्या त्रिफळाचूर्णातले एक फळ याच झाडाचे.

याच झाडाखाली महाभारतातल्या नलोपाख्यानातला एक प्रसंग घडतो, आणि तो गणिताच्या तासाला अवश्य सांगावा. राजा ऋतुपर्ण रथातून जाता जाता बेहड्याच्या झाडाकडे पाहतो आणि सांगतो, की याच्या दोन फांद्यांवर पाच कोटी पाने आणि २०९५ फळे आहेत. नल रथ थांबवून मोजतो, तर संख्या बरोबर. ऋतुपर्णाला ही विद्या 'अक्षहृदय' म्हणून, म्हणजे फाशांच्या रहस्याबरोबर येत असते. थोडे पाहून पुष्कळाचा अंदाज बांधणे आणि फाशांचे दान जाणणे ही एकाच विद्येची दोन अंगे आहेत, असे त्या कथाकाराला वाटले. इयान हॅकिंग या तत्त्वज्ञाने १९७५ साली संभाव्यतेच्या उगमावर पुस्तक लिहिले, तेव्हा त्याने या गोष्टीची आवर्जून दखल घेतली. पाच कोटी पाने आम्ही अर्थातच काव्य म्हणून घेतो.

पुढे सोंगट्यांचा खेळ स्थिर झाला, तो आपण घरात पाहिलेला. अधिक चिन्हाच्या आकाराचा कापडी पट, त्याला चार भुजा, प्रत्येक भुजेत तीन ओळींत आठ-आठ घरे, म्हणजे एकूण ९६. मध्ये मोठे घर. चार रंगांच्या चार-चार सोंगट्या. फाशांनी खेळला तर चौसर किंवा चौपड, कवड्यांनी खेळला तर पचिशी. चौसरीचे फासे लांबट, चार बाजूंचे, आणि त्यांवर १, २, ५, ६ हे आकडे. असे तीन फासे टाकतात. एक आणि दोन सहा पडले की 'पौ-बारा'. हिंदीत 'पौ बारह होना' म्हणजे नशीब फळफळणे. मराठीने मात्र त्याच शब्दाला पळ काढायला लावले, आपण 'पोबारा करतो'! सोंगटी मोठ्या दानाने भरधाव सुटते, तेच चित्र बहुधा मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे राहिले असावे.

येथे गणिताच्या शिक्षकांनी क्षणभर थांबावे. चार बाजूंचे तीन फासे टाकले तर निष्पत्ती किती? ४ × ४ × ४, म्हणजे ६४. आणि सहा कवड्या टाकल्या, प्रत्येक उताणी किंवा पालथी, तर? दोनाचा सहावा घात, पुन्हा ६४. दोन्ही साधने वरवर इतकी वेगळी, पण नमुना अवकाश सारखाच मोठा. पौ-बारा त्या ६४ पैकी तीनदा पडेल, कारण एकाचा आकडा तीनपैकी कोणत्याही फाशावर येऊ शकतो.

पचिशीच्या एका प्रचलित पद्धतीत दोन ते सहा कवड्या उताण्या पडल्या तर तितकीच घरे, एकच उताणी असेल तर दहा, आणि एकही नसेल तर पंचवीस. खेळाचे नाव त्या पंचवीसवरून आले. आता उताणे-पालथे समसमान मानू. शून्यापासून सहापर्यंत कवड्या उताण्या पडण्याचे मार्ग अनुक्रमे १, ६, १५, २०, १५, ६, १. पास्कलच्या त्रिकोणातली ही ओळ. दानांनी गुणून बेरीज केली तर २५ + ६० + ३० + ६० + ६० + ३० + ६ = २७१. त्याला ६४ ने भागले की सरासरी दान निघते, सुमारे ४.२३. दुर्मिळ दानाला मोठे बक्षीस द्यायचे हे ज्याने ठरवले त्याने पास्कल वाचला नव्हता. त्याने खूप डाव मात्र खेळले असणार.

पण कवडी नाणे नव्हे. तिची पाठ फुगीर, तोंड सपाट. उताणे पडण्याची शक्यता अर्धी नसेल तर काय होते ते पाहा. ती ०.४ धरली, तर सहाही पालथ्या पडण्याची शक्यता ०.६ चा सहावा घात, म्हणजे जवळजवळ २१ डावांत एकदा. ती ०.६ धरली तर २४४ डावांत एकदा. अर्ध्याच्या अलीकडे-पलीकडे जरासे सरकले की पंचवीस हे दान ६४ डावांत एकदा ऐवजी २१ किंवा २४४ वर जाते. म्हणून घराघरातल्या कवड्यांचा स्वभाव वेगळा असतो, आणि आजी 'माझ्याच कवड्यांनी खेळायचं' म्हणते तेव्हा त्यात केवळ हट्ट नसतो.

अबुल फजलच्या 'आईन-ए-अकबरी'त चौपडीचे वर्णन आहे, आणि तिच्या एका फुटव्याचेही. त्याचे नाव चंदल-मंदल. हा पट वर्तुळाकार. चारांऐवजी सोळा खेळाडू, प्रत्येकाच्या चार सोंगट्या, एकूण ६४. दरबारात सोळा जण एका पटाभोवती बसले की खेळापेक्षा गलकाच अधिक होत असेल. अबुल फजल लिहितो, की बादशहा खेळाच्या निमित्ताने माणसांचा स्वभाव पारखत असे. फतेहपूर सिक्रीच्या अंगणात फरशीवर मोठा पट आहे आणि तिथे दासींना सोंगट्या करून अकबर खेळे, असे वाटाडे सांगतात. 'आईन'मधल्या चौपडीच्या वर्णनात हे नाही. सांगोवांगी आणि पुरावा यांतले हे अंतर लक्षात ठेवू, कारण आता तसाच प्रश्न आपल्या घरचा येतो आहे.

ज्ञानाची चौपड

सोंगट्यांच्या खेळाला जो सर्वांत विलक्षण फुटवा फुटला तो ज्ञानचौपड. आपल्याकडे याला मोक्षपट म्हणतात. गंमत पाहा, हा पट चौपडीसारखा नाहीच. त्याला चार भुजा नाहीत, चौकोनी घरांच्या रांगा आहेत. तरी त्याने नाव चौपडीचे घेतले. लोकप्रिय खेळाच्या नावावर नवा खेळ चालवायचा ही युक्ती संगणकयुगाची नव्हे.

आणि हा अस्सल भूमिका-खेळ आहे. चौसरीत तुम्ही सोंगट्यांचे सेनापती असता. मोक्षपटात तुम्हीच सोंगटी होता. तुमची सोंगटी म्हणजे जीव. तो जन्माला येतो, घराघरांतून फिरतो. प्रत्येक घराला नाव आहे. दया, दान, भक्ती, सत्संग, तसेच काम, क्रोध, लोभ, मत्सर. सद्गुणाच्या घरातून शिडी वर जाते, दुर्गुणाच्या घरात सापाचे तोंड असते. वैष्णवांचे पट बहुधा ७२ घरांचे, जैनांचे ८४ घरांचे, सूफी परंपरेतले १०० किंवा १०१ घरांचे. म्हणजे खेळ एकच, पण मुक्तीचा नकाशा ज्याचा त्याचा. अँड्र्यू टॉप्सफील्ड यांनी १९८५ पासून अशा पटांचा कसून शोध घेतला.

७२ घरांच्या पटाची एक खुबी आम्हाला फार आवडते. वैकुंठ शेवटच्या घरात नाही, ते ६८ वे घर आहे. तिथे नेमके उतरावे लागते. दान जास्त पडले तर जीव वैकुंठ ओलांडून पुढे जातो, आणि शेवटच्या ७२ व्या घरात तमोगुणाचा साप वाट पाहत असतो. तो थेट ५१ व्या घरात, पृथ्वीवर आणून सोडतो. आजच्या सापशिडीत शंभराच्या आधी एक लांबलचक साप असतो, त्याचा हा थोरला भाऊ. आजचा साप नुसता दुष्ट वाटतो. हा मात्र काही बोलतो आहे, की ध्येयाच्या पुढे पळणाराही पडतो.

आता घरचा प्रश्न. सापशिडीची गोष्ट काढली की वर्गातला एखादा विद्यार्थी हमखास सांगतो, हा खेळ संत ज्ञानेश्वरांनी शोधला. मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशांत तर सालही असते. कथा गोड आहे. निवृत्ती आणि ज्ञानदेव भिक्षेला जात, मागे लहानगी सोपान आणि मुक्ता घरी राहत, त्यांच्या करमणुकीसाठी ज्ञानदेवांनी हा पट आखला. आपल्या जिल्ह्यातल्या शिक्षकाला ही कथा विशेष जवळची. ज्ञानदेवांचे आपेगाव पैठणजवळच आहे आणि शुद्धिपत्रासाठी ही भावंडे पैठणलाच आली होती, असे परंपरा सांगते.

पण पुरावा काय? ज्ञानदेवांचा काळ तेराव्या शतकाचा. त्या काळातला एकही मोक्षपट आज उपलब्ध नाही. जे जुने पट संग्रहांतून पाहायला मिळतात ते साधारण अठराव्या शतकापासूनचे. लखनौमध्ये कंपनीचा अधिकारी रिचर्ड जॉन्सन याने १७८० च्या सुमारास करवून घेतलेला पट लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. मधली चारपाचशे वर्षे कोरी आहेत. कापड आणि कागद आपल्या हवेत टिकत नाहीत, ही सबब खरी आहे. पण सबब पुराव्याची जागा घेत नाही. तेराव्या शतकातल्या मराठीत खेळांचे उल्लेख नाहीत असेही नाही. महानुभावांच्या 'लीळाचरित्रा'त चक्रधरस्वामींच्या पूर्वायुष्यातला जुगाराचा प्रसंग येतो, हरल्यावर पत्नीकडे दागिने मागितले आणि तिने नाकारले तो. म्हणजे द्यूत होते आणि लिहिणाऱ्यांना ते नोंदवावेसे वाटत होते. मोक्षपट मात्र असा समोर येत नाही. जेकब श्मिट-मॅडसेन या डॅनिश संशोधकाने कोपनहेगन विद्यापीठात २०१९ साली याच खेळावर प्रबंध सादर केला. त्याच्या शीर्षकात काळ आहे तो अठराव्या आणि विसाव्या शतकाचा आणि प्रदेश आहे पश्चिम भारत.

मग वर्गात सांगायचे काय? आम्ही बरेच दिवस चाचरत होतो. मुलाच्या घरी ही कथा श्रद्धेने सांगितलेली असते. ती शिक्षकाने तोडली तर मुलाला वाटते की आपल्या घरच्यांनाच खोटे पाडले. उलट ती होकार देऊन पुढे ढकलली, तर इतिहासाच्या तासाला 'साधन' या शब्दाचा अर्थ उरत नाही. आता आम्ही फळ्यावर दोन वाक्ये लिहितो. पहिले, 'हा पट ज्ञानेश्वरांनी केला असे परंपरा मानते.' दुसरे, 'सर्वांत जुने उपलब्ध पट अठराव्या शतकातले आहेत.' मग विचारतो, या दोन वाक्यांत भांडण आहे का? मुले पाच मिनिटांत सांगतात, की नाही, दुसऱ्या वाक्याने पहिले खोटे ठरत नाही आणि खरेही ठरत नाही. एका मुलाने विचारले, "मग कधी ठरेल?" आम्ही म्हटले, एखाद्या दिनांकित पोथीत, एखाद्या मठाच्या दप्तरात जुना पट निघाला तर. पुढच्या आठवड्यात त्याने आजोळचा जुना पेटारा उघडायला लावला. त्यात पट नव्हता. पितळी सोंगट्या निघाल्या, तीन कमी.

खेळांची नोंद ठेवण्याच्या कामात आपल्या शहराचा एक वाटा आहे आणि तो फारसा सांगितला जात नाही. औरंगाबादचे ज्योतिषी पंडित हरिकृष्ण व्यंकटराम शास्त्री यांनी १८७१ च्या सुमारास 'बृहज्ज्योतिषार्णव' नावाचा विश्वकोशवजा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. त्याचा एक भाग म्हणजे 'क्रीडाकौशल्य'. बुद्धिबळ, चौपड असे बैठे खेळ त्यांनी श्लोकांत बांधले. ग्रहगणित करणाऱ्या पंडिताला खेळांचे नियम लिहावेसे वाटले, यात आम्हाला नवल वाटत नाही. दोन्हीकडे घरे असतात आणि दोन्हीकडे मोजदाद अचूक लागते. पुण्यामुंबईत इंग्रजी छापील खेळ येऊ लागण्याच्या त्या काळात मराठवाड्यातल्या एका गृहस्थाने हे करून ठेवले, म्हणून आज अभ्यासकांना त्या ग्रंथाकडे वळावे लागते.

इंग्लंडची वारी

पुढची हकीकत थोडक्यात. एफ. एच. आयर्स या खेळसाहित्याच्या उत्पादकाने १८९२ साली लंडनमध्ये सापशिडी आणली. पचिशीचा सुटसुटीत अवतार 'लुडो' १८९६ साली पेटंट झाला, त्यात कवड्या जाऊन घनाकृती फासा आला. इंग्रजी सापशिडीवर आरंभी सद्गुण-दुर्गुण होते, पण ते व्हिक्टोरियन वळणाचे. काटकसर आणि उद्योग यांच्या शिड्या, आळस आणि अवज्ञा यांचे साप. हळूहळू नावे पुसली गेली, उरली नुसती आकड्यांची घरे. साप आणि शिड्यांची संख्याही जवळ जवळ आली. जुन्या पटांवर साप अधिक दिसत, कारण मोक्षाची वाट अवघड आहे हेच तर सांगायचे होते. अमेरिकेत मिल्टन ब्रॅडली कंपनीने १९४३ साली सापच काढून घसरगुंड्या बसवल्या. म्हणजे गंभीर पटाचा हलकाफुलका फुटवा, त्या फुटव्याचा आणखी हलका फुटवा. मग तो बोटीने परत आला आणि आपण तो विलायती खेळ म्हणून विकत घेतला.

हलका झाला म्हणून त्यात विज्ञान उरले नाही असे समजू नये. सापशिडीत खेळणाऱ्याला निवड कुठेच नाही. चौसरीत कोणती सोंगटी चालवायची हे ठरवावे लागते, बुद्धिबळात सगळेच ठरवावे लागते, सापशिडीत काहीच नाही. तुमचे पुढचे घर अवलंबून असते दोनच गोष्टींवर, आज कुठे आहात आणि दान काय पडले. इथवर कसे आलात याची पटाला आठवण नसते. रशियन गणिती मार्कोव्ह याने १९०६ पासून अशाच विसराळू साखळ्यांचा अभ्यास मांडला, आणि आज हवामानापासून भाषेपर्यंत त्यांचा उपयोग होतो. १९९३ साली 'मॅथेमॅटिकल गॅझेट' या नियतकालिकात सापशिडीचा डाव किती लांबतो यावर लेख आला. उत्तर होते, सरासरी सुमारे ३९ दाने.

वर्गात शंभर घरांची गरज नाही. घरे चारच घ्या, ०, १, २ आणि ३. शून्यावर आरंभ, तिनावर शेवट. नाणे उडवायचे, छाप पडला तर एक घर, काटा पडला तर दोन. तीन ओलांडले तरी पोहोचलो असे मानू. साप नसताना सरासरी किती वेळा नाणे उडवावे लागेल? दोनावरून एकदाच. एकावरून १ अधिक अर्धे, म्हणजे १.५. शून्यावरून १ + ०.७५ + ०.५, म्हणजे २.२५. आता दोनाच्या घरात एक साप बसवा, शेपूट शून्यावर. शून्यावरची सरासरी 'क्ष' मानली तर एकावरची होते १ + क्ष/२, आणि समीकरण मांडून क्ष येतो ६. एका सापाने सव्वादोनचे सहा केले. नववीच्या मुलांनी हे समीकरण स्वतः मांडले. मग शंभर डाव खेळून सरासरी काढली, ती सहाच्या आसपास आली तेव्हा टाळ्या वाजल्या.

त्या दिवशी सुरुवातीच्याच मुलीने (ती आता नववीत होती) एक प्रश्न विचारला आणि तो आम्हाला अजून छळतो. मोक्षपट कर्माचे फळ शिकवायला केला असेल, तर त्यात खेळणाऱ्याच्या हातात काहीच का नाही? दयेच्या घरात पडलो ते दान पडले म्हणून. आपण दयाळू होतो म्हणून नव्हे. आमच्यातल्या एका शिक्षकांचे म्हणणे, की कवड्यांचे दान हेच पूर्वकर्म समजायचे, ते जन्मोजन्मीचे असल्याने आज हातात नसते. दुसऱ्यांचे म्हणणे, की खेळ काही सिद्ध करण्यासाठी नव्हताच. 'मत्सर' असे मोठ्याने वाचून खाली उतरताना हसू येते, त्यात नावे पाठ होतात, एवढेच. मुलीला दोन्ही उत्तरे पटली नाहीत. तिचा मुद्दा असा, की पटाला आठवण नाही आणि कर्माला तर सगळे आठवते, मग हे एका पटावर बसेल कसे?

तिने स्वतःचा पट करायला घेतला आहे. ७२ घरांचा, जुन्या ड्रॉइंग शीटच्या पाठीवर. फरक इतकाच, की सद्गुणाच्या घरात गेलेल्याला एक चिंच‌ोका मिळतो आणि सापाच्या तोंडी आल्यावर तो देऊन सुटका करून घेता येते. म्हणजे पटाला आठवण आली. चिंचोके किती ठेवायचे यावर सध्या वाद चालू आहे. फार ठेवले तर सापांना काम उरत नाही, आणि कमी ठेवले तर मुले कंटाळतात. चार-चार जणांच्या सहा गटांनी मधल्या सुट्टीत खेळून प्रत्येक डावाची दाने वहीत लिहिली आहेत. कवड्या मात्र आजोळच्या पेटाऱ्यावाल्या मुलाच्या घरच्या आहेत. त्या आधी पाचशे वेळा टाकून पाहिल्या, तर तीन हजार कवड्यांपैकी निम्म्याहून बऱ्याच कमी उताण्या पडल्या. त्यामुळे आकडेमोड पुन्हा करावी लागणार आहे.